लेकरू आयसीयूत असताना थेरपी : सोलापुरातल्या नव्या आईबापांसाठी

लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात, म्हणजे पीआयसीयूत, ‘फिजिओ येऊन जातील’ हे वाक्य पहिल्यांदा कानावर पडतं तेव्हा बहुतेक आईबाप एकच म्हणतात, “आधी जीव वाचू दे, व्यायामाचं मग बघू.” म्हणणं साहजिक आहे. पण या दोन गोष्टी एकीमागून एक येत नाहीत. व्हेंटिलेटरवर निपचित पडलेल्या मुलाचे स्नायू पहिल्या आठवड्यातच बारीक व्हायला लागतात. सांधे आखडतात, छातीत कफ साचतो, पाठीला आणि टाचांना जखमा होऊ शकतात. त्यामुळे हल्ली मूल थोडं स्थिरावलं, की आयसीयूतच थेरपी सुरू करतात. अमेरिकेच्या सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनने २०२२ मध्ये लहान मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत वेदना, झोपेची औषधं आणि भ्रम यांच्या जोडीने मुलाला लवकर हलतं करणं हाही विषय आहे.

माझी मुलगी जीबीएसमुळे, म्हणजे नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडणाऱ्या गिलाँ-बारे सिंड्रोममुळे, व्हेंटिलेटरवर होती. तेव्हापासून कुणाचं ना कुणाचं लेकरू ॲडमिट असलं की ओळखीतून फोन येतो. सिव्हिलच्या आवारात, खासगी दवाखान्यांच्या जिन्यांत, चहाच्या टपरीवर असे बरेच आईबाप भेटले. कुणी अक्कलकोट-मंगळवेढ्याचे, कुणी तुळजापूरकडचे, कुणी इंडी आणि कलबुर्गीहून आलेले. त्यांच्याकडून आणि स्वतः जे कळलं ते इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. कुठला व्यायाम, कधी आणि किती, हे तुमच्या मुलाचे डॉक्टरच ठरवतील. त्यांना काय विचारायचं आणि आपण काय करायचं, एवढंच हे आहे.

आधी माणसं ओळखा

पहिले दोन दिवस सगळे पांढरे कोट सारखेच दिसतात. मुख्य डॉक्टर राउंडला येतात, निवासी डॉक्टर दिवसरात्र असतात, सिस्टर तर मुलाच्या उशाशीच असतात. फिजिओथेरपिस्ट हातपाय, छाती, बसणं-उभं राहणं बघतात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट हाताचा वापर, खेळ, जेवणं-कपडे घालणं अशा रोजच्या गोष्टींवर काम करतात. स्पीच थेरपिस्ट बोलण्याबरोबर गिळणंही तपासतात, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं.

आपल्याकडे सगळ्या दवाखान्यांत हे तिघेही असतील असं नाही. बऱ्याच ठिकाणी एकटे फिजिओ सगळं सांभाळतात आणि बाकीच्यांना बाहेरून बोलवावं लागतं. म्हणून विचारा: “इथे लहान मुलांचे फिजिओ रोज येतात का? स्पीच थेरपिस्ट लागले तर कुठून येतील?” रविवारी कोण असतं हेही विचारून ठेवा. शनिवार-रविवार नुसता पडून गेला, ही तक्रार मी कितीतरी जणांकडून ऐकली आहे.

पहिला प्रश्न

राउंड संपता संपता डॉक्टर तुमच्याकडे बघून “काही विचारायचंय?” म्हणतात. त्या अर्ध्या मिनिटात “कसं आहे?” असं विचारलं, तर “स्थिर आहे” एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा: “आज हिला हलवायला परवानगी आहे का? नसेल तर कशामुळे?”

या ‘कशामुळे’ला नेमकं उत्तर असतं. रक्तदाब टिकवायचं औषध जास्त प्रमाणात चालू आहे, मेंदूतला दाब वाढलाय, अपघातात मणक्याला मार लागलाय आणि अजून खात्री झालेली नाही, डेंगीत प्लेटलेट फार खाली गेल्यात, ऑपरेशन झालेली जागा कच्ची आहे. अशी कारणं असली तर थांबणंच बरोबर. पण ही कारणं रोज बदलतात, म्हणून प्रश्नही रोज विचारायचा. आज ‘नाही’ म्हणालेले डॉक्टर दोन दिवसांनी ‘हो’ म्हणतील, पण राउंडच्या घाईत ते आपल्याला सांगायचं राहून जाईल.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाने ‘पीआयसीयू अप’ नावाची पद्धत बसवली. तिच्यात मूल किती आजारी आहे यावरून त्याची पायरी ठरते आणि त्या पायरीला काय करायचं हेही ठरलेलं असतं. आपल्या दवाखान्यात असा तक्ता भिंतीवर नसेल, पण “हिची सध्या कुठली पायरी?” हा प्रश्न कुठल्याही फिजिओला कळतो.

एक वही ठेवा. शंभर पानी, साधी. तारीख, आज काय करून घेतलं, किती वेळ, मुलाने काय केलं, उद्या काय करायचं ठरलं. रात्रपाळीला आई आणि दिवसा मामा असं आलटूनपालटून बसणाऱ्या घरांत तर या वहीशिवाय चालणार नाही. पुढे मूल मोठं झाल्यावर ‘मला काय झालं होतं?’ विचारतं, तेव्हाही ती वहीच उपयोगी पडते. कारण आयसीयूतले दिवस मुलांना एक तर आठवत नाहीत, नाहीतर अर्धवट, भीतिदायक रूपात आठवतात.

ते नेमकं काय करतात

सुरुवात फार साधी असते, इतकी की बाहेरच्याला ती थेरपी वाटतच नाही. डोक्याकडची बाजू साधारण ३० अंश वर, दर दोन तासांनी कूस बदलणं, गुडघ्याखाली किंवा पाठीमागे गुंडाळी, हाताच्या मुठीत छोटा रोल, पाऊल खाली लोंबू नये म्हणून टेकू किंवा स्प्लिंट, म्हणजे आधाराची पट्टी. पाऊल दिवसेंदिवस खाली वळलेलं राहिलं तर टाचेमागची शीर आखडते. मग मूल उठून उभं राहायची वेळ येते तेव्हा टाच जमिनीला टेकत नाही. या गुंडाळ्यांसाठी टॉवेल लागतात आणि आपल्या गावात टॉवेलला काय तोटा! दोन-तीन स्वच्छ धुतलेले, जाडसर सोलापुरी टॉवेल पिशवीत असू द्या. चादर मात्र आत नेऊ नका, धूळ-लव नको म्हणून बहुतेक ठिकाणी घेत नाहीत.

त्यानंतर फिजिओ हातपायांचा एकेक सांधा सावकाश वाकवून सरळ करतात. मूल शुद्धीत नसलं तरी हे चालतं. शुद्धीत येऊ लागलं, की त्यालाच थोडं करायला लावतात: “बोट दाब. पाय माझ्या हातावर ढकल.” इथून खरी गंमत सुरू होते. पूर्व भागातल्या एका पॉवरलूम कामगार वडिलांनी सांगितलं होतं, “पोरानं अंगठा हलवला, तर मी बाहेर येऊन सगळ्या वऱ्हांड्याला सांगितलं.”

छातीची थेरपी वेगळी. पालथं-कुशीवर झोपवून कफ सरकवणं, हाताने कंप देणं, मोठा श्वास घ्यायला लावणं, नळीतून सक्शन, म्हणजे कफ ओढून काढणं. दूध दिल्याबरोबर हे करत नाहीत, उलटी होते. दूध आणि थेरपीच्या वेळा एकमेकींवर येत असतील तर सिस्टरना सांगा. आणखी एक. थापट्या मारून कफ काढणं ही प्रत्येक छातीच्या आजाराची दवा नव्हे. तान्ह्या बाळांच्या ब्रॉंकिओलायटिसमध्ये, म्हणजे बारीक श्वासनलिका सुजतात तेव्हा, ते सरसकट केल्याने फायदा दिसलेला नाही. तेव्हा शेजारच्या कॉटवरच्या बाळाला केलं आणि आपल्याला केलं नाही म्हणून भांडायला जाऊ नका, कारण विचारा.

पुढची पायरी बसण्याची. आधी पलंगाची पाठ वर करून, मग पलंगाच्या कडेला पाय सोडून, मग खुर्चीत किंवा आईच्या मांडीवर. त्यापुढे उभं राहणं, आणि काही मुलांना तर व्हेंटिलेटर चालू असतानाच चार पावलं चालवतात. हे वाचून विश्वास बसत नसेल, पण जगात अनेक ठिकाणी हे होतं. त्यासाठी माणसं मात्र भरपूर लागतात: एक नळी धरायला, एक मूल धरायला, एक मशीनकडे बघायला. जिथे तेवढी माणसं नाहीत तिथे डॉक्टर बसवण्यापर्यंतच थांबतात, आणि त्यांचं ते थांबणं मला पटतं. नळी अचानक निघण्याचा धोका खरा आहे.

मांडीवर घ्यायचं मात्र जरूर विचारा. तोंडातली नळी असली तरी काही डॉक्टर स्थिर असलेलं लहान मूल आईच्या मांडीवर देतात. मी विचारेपर्यंत मला कुणी सुचवलं नव्हतं, आणि विचारल्यावर कुणी नाही म्हणालं नाही.

तुमचे हात, तुमचा आवाज

अमेरिकेतल्या अनेक पीआयसीयूंमध्ये मिळून झालेल्या एका पाहणीत असं दिसलं, की घरचं माणूस जवळ असलेल्या मुलांना पलंगाबाहेर काढण्याचं प्रमाण बरंच जास्त होतं. याचं नवल वाटायला नको. मूल अनोळखी माणसासाठी पाय हलवत नाही, आजीसाठी हलवतं. आपल्याकडे अडचण अशी, की बऱ्याच ठिकाणी आत एकालाच आणि तेही ठरावीक वेळेला सोडतात. नियमाशी वाद घालण्यात शक्ती घालवू नका. “फिजिओच्या वेळेला मला आत घ्याल का?” एवढंच मागा. भेटीची वेळ आणि थेरपीची वेळ एक करून मागितली, तर बहुतेक सिस्टर मान्य करतात, कारण त्यांचंही काम हलकं होतं.

आत जाण्याआधी बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काढा. नखं कापलेली हवीत. कोपरापर्यंत हात धुवा. कुठल्या हाताला सलाईन आहे, कुठली नळी कुठून गेलीय, हे सिस्टरना एकदा दाखवायला सांगा. एकदा दाखवलं, की हात लावायची भीती निम्मी जाते.

मग फिजिओना म्हणा, “यातलं एक मला शिकवा.” एकच. बोटांचा व्यायाम, घोटा वर वळवून धरणं, अंग पुसताना कूस बदलणं, जे ते म्हणतील ते. त्यांनी करून दाखवायचं, मग तुम्ही त्यांच्यासमोर करायचं, तिसऱ्यांदा एकट्याने. किती वेळा करायचं आणि काय दिसलं तर थांबायचं, या दोन गोष्टी वहीत लिहून घ्या. घरी बघितलेल्या व्हिडिओवरून आत काही करू नका. दंडाला किंवा मनगटाला धरून ओढत उठवणं तर अजिबात नको. अशक्त मुलाचा खांदा त्याने निखळू शकतो.

आवाजाचं काम याहून सोपं आणि माझ्या मते जास्त मोलाचं. जीबीएसमध्ये किंवा मण्यार चावल्यावर मूल डोळे उघडू शकत नाही, बोट हलवू शकत नाही, पण शुद्ध असू शकते. आपण बोललेलं त्याला ऐकू जातं! म्हणून त्याच्या उशाशी उभं राहून रडत रडत नातेवाइकांना फोन करू नका. त्याला सांगा, “आता फिजिओ दीदी तुझा उजवा पाय वर घेणार आहेत. मग डावा. मग झालं.” पुढे काय होणार हे कळलं की भीती कमी होते.

घरात जी भाषा तीच बोला. सोलापुरात हे मुद्दाम सांगावं लागतं. मुलगा घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतो आणि आई आत गेल्यावर सिस्टरसमोर अवघडून मराठी बोलते. थेरपिस्टनाही चार शब्द लिहून द्या: पाणी, दुखतं, शू, नको. उर्दू बोलणाऱ्या एका आईने उशाशी चिठ्ठीच चिकटवली होती, आणि मराठवाड्यातून आलेली फिजिओ मुलगी तीनच दिवसांत ‘दर्द है क्या बेटा’ अगदी लयीत म्हणायला लागली.

घरून काय न्यायचं? धुता-पुसता येईल असं एखादं खेळणं, घरच्यांचा एक फोटो प्लास्टिकच्या पाकिटात, चष्मा किंवा कानाचं यंत्र असेल तर ते (हे हमखास विसरतं), आणि पायात बसणारे नीट बूट, उभं राहायच्या दिवसासाठी.

भीती, आणि ती कुणाला सांगायची

थेरपी बघणं सोपं नाही. मुलाला बसवल्यावर मान एका बाजूला पडते. मॉनिटर कोकलतो. मूल रडतं आणि तोंडात नळी असल्याने त्या रडण्याचा आवाजच येत नाही, फक्त चेहरा दिसतो. मोहोळचे एक वडील म्हणाले, “पहिल्या दिवशी मला त्या फिजिओच्या अंगावर धावून जावंसं वाटलं.” दुसरी एक आई तर थेरपीची वेळ झाली की खाली सिद्धेश्वराचं नाव घेत बसायची, वर यायचीच नाही. दोघांचंही काही चुकलं असं मला वाटत नाही. बघवत नसेल तर बाहेर थांबा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. काकू, मोठी बहीण, कुणीही, ज्याचा आवाज मुलाला ओळखीचा आहे.

पण भीतीला माहिती द्या. सुरू करण्याआधी फिजिओना विचारा: “मॉनिटरवर काय दिसलं तर तुम्ही थांबता?” ऑक्सिजन ठरावीक आकड्याखाली गेला, नाडी फार वाढली, रंग बदलला, मूल फारच धडपडायला लागलं, अशी उत्तरं मिळतात. थोडा वेळ नाडी वाढणं हे मेहनतीचं लक्षण असू शकतं. ते कळलं, की प्रत्येक ‘टूं’ला जीव खालीवर होत नाही.

दुखण्याबद्दल मात्र गप्प बसू नका. जीबीएसच्या मुलांना पाय हलवताना खरंच खूप दुखतं, रात्री तर जास्तच. “व्यायामाच्या आधी वेदनेचं औषध देता येईल का?” हा रास्त प्रश्न आहे आणि डॉक्टरांना तो आवडतोसुद्धा. न बोलणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावरच्या आठ्या, मुठी, पाय पोटाशी घेणं हे आईला आधी दिसतं. ते सांगा.

आणि उलट टोक: उत्साहाच्या भरात जास्त करून घेणं. फिजिओ गेल्यावर “अजून दहा वेळा कर बाळा” असं मागे लागणारे बाप मी पाहिले आहेत. जीबीएसमध्ये स्नायूंना फार दमवलं तर अशक्तपणा वाढू शकतो. विश्रांती थेरपीचाच भाग आहे. दुपारची झोप मोडून भेटायला आलेल्या पाहुण्यांना दाराबाहेरूनच चहा पाजून परत पाठवा.

“हा आपला पोरगाच नाही”

झोपेची औषधं कमी होतात, मूल डोळे उघडतं, आणि आईकडे बघून तिला ओळखतच नाही. हवेत काहीतरी पकडतं, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणतं, रात्रभर जागं आणि दिवसा पेंगतं. काही मुलं उलट एकदम शांत, शून्यात बघत पडून राहतात, आणि ते शांत राहणं लक्षात येत नाही. याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात, म्हणजे भ्रम. आजार, औषधं, मोडलेली झोप यांनी तो होतो आणि बहुतेक वेळा जातो. बाहेरची बाधा, नजर, मेंदूवर कायमचा परिणाम असल्या गोष्टी वऱ्हांड्यात लगेच सुरू होतात. त्यांना कान देऊ नका, सिस्टरना सांगा.

यात थेरपीचा आणि घरच्यांचा मोठा हात आहे. दिवसा उजेड, बसवणं, बोलणं, ओळखीचा फोटो, “आज मंगळवार आहे, तू दवाखान्यात आहेस, आई इथेच आहे” हे परत परत सांगणं. रात्री दिवा मंद, मोबाइल बंद.

झोपेची किंवा वेदनेची औषधं बरेच दिवस चालून कमी केली, की काही मुलं थरथरतात, घाम येतो, जुलाब होतात, फार चिडतात. शरीराला त्या औषधांची सवय झालेली असते, म्हणून ती हळूहळू उतरवतात. असं काही दिसलं तर “आज औषध कमी केलं का?” असं विचारा.

नळी निघाल्यावर पाण्याची घाई नको

तोंडातली नळी निघाली, की अख्खं खानदान आनंदतं आणि पहिली गोष्ट करतं ती म्हणजे चमच्याने पाणी पाजायला जातं. कुणी तीर्थ घेऊन येतं. थांबा! इथे मी अगदी कडक आहे. नळीमुळे घसा सुजलेला असतो, आवाज बसलेला असतो, गिळायचे स्नायू अशक्त असतात. पाणी सगळ्यात हलकं म्हणून सगळ्यात सोपं वाटतं, पण पातळ असल्यामुळे तेच सगळ्यात आधी श्वासनलिकेत घसरतं. मग पुन्हा न्यूमोनिया, आणि कधी कधी पुन्हा तीच नळी.

स्पीच थेरपिस्ट किंवा डॉक्टर गिळणं तपासतील. आधी घट्टसर काहीतरी थोडं, मूल सरळ बसलेलं, हनुवटी किंचित खाली, एक घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. खाताना खोकला, घोगरा-ओला आवाज, डोळ्यांत पाणी, श्वास वाढणं, यातलं काही दिसलं तर थांबून सांगायचं. आपल्याकडची कडक भाकरी आणि शेंगाचटणी हे तर शेवटचं स्टेशन आहे. कोरडा भुगा घशात पसरतो आणि नीट गोळा होत नाही. आजीची समजूत काढायचं काम थेरपिस्टवर सोपवा, त्यांचं ती ऐकते.

तीर्थ-अंगाऱ्याचं म्हणाल, तर श्रद्धेला कुणी आडवं येत नाही. सिस्टरना विचारून बाहेरून कपाळाला बोट लावता येईल. तोंडात, नाकातल्या नळीत किंवा गळ्याच्या छिद्राजवळ काहीही नाही.

वॉर्डात, मग घरी

आयसीयूतून वॉर्डात हलवतात तो दिवस आनंदाचा असतो, आणि बहुतेक आईबाप सांगतात की मनाने सगळ्यात एकटं त्याच दिवशी वाटलं. आत एका मुलामागे एक सिस्टर होती, इथे सगळा वॉर्ड दोघींवर. थेरपीतही इथेच खंड पडतो, कारण आयसीयूचे फिजिओ वेगळे आणि वॉर्डाचे वेगळे. हलवण्याआधी विचारून घ्या: वॉर्डात कोण येणार, उद्याच येणार का, आणि त्यांना आधीचं कळवलंय का. तुमची वही इथे कामाला येते.

घरी सोडताना तोंडी सूचनांवर समाधान मानू नका. कुठले व्यायाम, किती वेळा, कुठली स्प्लिंट किती तास, कुठली गोष्ट दिसली तर लगेच परत यायचं, आणि थेरपीची पुढची तारीख, हे कागदावर घ्या. फिजिओने करून दाखवतानाचा व्हिडिओ त्यांची परवानगी घेऊन मोबाइलमध्ये काढा. त्या एका व्हिडिओचा उपयोग दहा पानी छापील पत्रकापेक्षा जास्त होतो.

घर म्हटलं तर आपल्याकडे एक-दोन खोल्या, त्यात कुणाकडे लूमचा खडखडाट. वेगळी खोली लागत नाही. भिंतीचा एक मोकळा तुकडा, न घसरणारी सतरंजी, हाताने धरायला जड लोखंडी कॉट, एवढं पुरतं. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा ४० च्या वर असतो, तेव्हा व्यायाम सकाळी लवकर आणि दिवस मावळल्यावर. गळ्याला छिद्र पाडलेलं, म्हणजे ट्रॅकिओस्टॉमीचं मूल घरी येत असेल, तर सक्शन मशीनला विजेशिवाय चालणारा पर्याय हवाच, आणि सक्शन करायला घरातली दोन माणसं दवाखान्यातच शिकलेली हवीत. एकच आई शिकते आणि तिला ताप आला की सगळं अडतं. नळाला रोज पाणी न येणाऱ्या आपल्या शहरात सक्शनची नळी धुवायला उकळून गार केलेल्या पाण्याचं झाकलेलं भांडं वेगळं ठेवा. श्वास लागला, ओठ निळे पडले तर १०८.

लवकर दमणं, विसरणं, रात्री दचकून उठणं, अंथरूण ओलं करणं, आईला क्षणभर न सोडणं हे आयसीयूनंतर मुलांत दिसतं. काही आईबापांनाही झोप लागत नाही, पेंड्युलमच्या घड्याळाची टिकटिकसुद्धा मॉनिटरसारखी वाटते. काही आठवड्यांनी कमी झालं नाही तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सांगा. मुलाचं सांगा आणि स्वतःचंही.

पैसे आणि कागद

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतशी जोडलेली आहे आणि तिच्यात दरवर्षी कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार बसतात. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचा टेबल असतो. ॲडमिट केल्याच्या पहिल्याच दिवशी रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथे जा. नंतर गेलात तर आधीची बिलं अडकतात. मदतीचा क्रमांक १५५३८८. कर्नाटकातून आलेल्यांकडे आयुष्मान कार्ड असेल तर ते दुसऱ्या राज्यातल्या योजनेतल्या दवाखान्यातही चालतं, त्यासाठी १४५५५. आरोग्यमित्राला एक नेमका प्रश्न विचारा: “घरी गेल्यावरची थेरपी आणि स्प्लिंट यात बसते का?” कारण दवाखान्याचं बिल भागतं आणि पुढचे सहा महिने आठवड्याला दोनदा फिजिओ, रिक्षा आणि बुडालेली हजेरी यांतच घर खचतं. सिव्हिलमध्ये समाजसेवा अधीक्षकांना भेटलात तर यातले इतर मार्गही कळतात.

० ते १८ वयाच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याची पथकं अंगणवाडी आणि सरकारी शाळांत तपासणीला येतात, आणि पुढच्या थेरपीसाठी जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे म्हणजे डीईआयसीकडे पाठवतात. अंगणवाडीताईंना नुसतं कानावर घालून ठेवलं तरी नाव लागतं. अपंगत्वाच्या दाखल्याची, म्हणजे यूडीआयडी कार्डाची, घाई करू नका असं मी म्हणेन. जीबीएससारख्या आजारात कितीतरी मुलं महिनोन् महिने सुधारत राहतात. डॉक्टर ‘आता करा’ म्हणतील तेव्हा करा, पण सगळे डिस्चार्ज कागद त्यासाठी एका फाइलीत असू द्या.

शाळा

डॉक्टरांकडून शाळेच्या नावाने चिठ्ठी घ्या. तिच्यात आजाराच्या नावापेक्षा काय जमतं आणि काय नाही हे लिहून मागा: जिने किती चढेल, पी.टी. कधीपर्यंत नाही, लिहायला जास्त वेळ द्यावा, दुपारी पडायला मिळावं. वर्ग वरच्या मजल्यावर असेल तर वर्षभरापुरता खाली आणायला मुख्याध्यापक सहसा तयार होतात, पण हे जूनच्या आधी सांगावं लागतं. पहिले पंधरा दिवस अर्धाच दिवस. दप्तर घरच्या माणसाने न्यायचं-आणायचं. आणि वर्गशिक्षकांना आधीच विनंती करा, की पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर उभं करून टाळ्या वाजवू नका. बऱ्याच मुलांना ते नको असतं, त्यांना नेहमीच्या बाकावर नेहमीच्या मित्राशेजारी बसायचं असतं.